इंग्रजी शब्दाचे सिलॅबल नेमके कुठे तोडायचे? (पाचवी, सेमी इंग्रजी)

मानेवाड्याची आई:

नमस्कार. माझी मुलगी पाचवीत आहे, सेमी इंग्रजीला. मराठी वाचन एकदम छान, पेपर हातात आला की पहिल्या पानापासून वाचते. इंग्रजीचं मात्र रोज रडगाणं. स्पेलिंग एकेक अक्षर घोकून पाठ करते. सी-ओ-एम-एफ-ओ-आर-टी असं संध्याकाळभर चालू असतं आणि सकाळी शाळेत जाईपर्यंत अर्धं उडालेलं. लांब शब्द दिसला की वही बंद करून बसते.

तिच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, "शब्द सिलॅबलमध्ये तोडून पाठ करून घ्या." तोडायचे कसे, ते काही लिहिलं नाही. मग ती आपल्या मनाने तोडून राहिली: वि-न्डो, नॅ-पकिन, सि-स्टर. मला ते कानाला खटकतं, पण का खटकतं ते तिला समजावून सांगता येत नाही. मी स्वतः पूर्ण मराठी शाळेतली.

डिक्शनरी बघितली तर आणखी गोंधळ. 'नॉलेज' हा शब्द घरच्या डिक्शनरीत डब्ल्यूच्या पुढे तोडलाय आणि मोबाईलवर एलच्या पुढे. 'आयडिया' तर मोबाईलवर तोडलेलाच नाही, सलग लिहिलाय. मग खरं कोणतं धरायचं?

या आठवड्याचे शब्द आहेत टायगर, कॅबिन, डिनर, बॉटल, एज्युकेशन, वेन्सडे आणि कम्फर्टेबल. कुणी शिकवत असेल तर घरी बसून कसं करून घ्यायचं ते सांगा.

सक्करदऱ्याचा दादा:

ताई, सोपी युक्ती सांगतो. हनुवटीखाली हात आडवा धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. जितक्या वेळा हनुवटी हाताला लागेल तितके सिलॅबल. माझा भाचा टाळ्या वाजवून करतो, तेही चालतं. कॅट एकदा, टायगर दोनदा, एज्युकेशन चारदा. कुठे तोडायचं ते माहीत नसलं तरी किती तुकडे आहेत ते तर कळेल.

इंग्रजीच्या बाई, महाल:

मी मराठी शाळेत पाचवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण एकेक अक्षर घोकून घेतल्यामुळे इंग्रजीची धास्ती बसलेली खूप पोरं मी पाहिली आहेत. पोरं हुशार असतात. त्यांना शब्द कानाने कसा फोडायचा ते कुणी दाखवलेलं नसतं.

मुलगी 'वि-न्डो' तोडते, कारण ती मराठी नीट शिकली आहे. देवनागरीत जोडाक्षर एकत्र लिहितात, म्हणून न्ड हे तिला एकच अक्षर वाटतं आणि ती ते अख्खं पुढच्या तुकड्यात टाकते. आता तिला 'पुस्तक' म्हणायला सांगा. लिहिताना पु, स्त, क. म्हणताना पुस्, तक्. तीन अक्षरं, पण तोंडात तुकडे दोनच. 'नागपूर' लिहायला चार अक्षरं, बोलायला नाग्-पूर्. 'धरमपेठ' लिहायला पाच, बोलायला ध-रम्-पेठ्. सिलॅबल म्हणजे हे बोलण्यातले तुकडे. इंग्रजी शब्दाला हात लावण्याआधी घरातल्या माणसांची, चौकांची नावं अशी फोडून घ्या. मुलं हे चटकन पकडतात, कारण आवाज त्यांच्या ओळखीचे असतात.

आपल्या वृत्तांमध्ये हीच गोष्ट आहे. 'पुस्तक' मधला पु ऱ्हस्व, तरी गण पाडताना आपण तो गुरू धरतो, कारण पुढच्या जोडाक्षरातला स् मागे येऊन त्याला टेकतो. 'तुझ्या' मधला तु मात्र लघुच राहतो, तिथे मागे आघात येत नाही. शाळेत यमाताराजभानसलगं पाठ केलेल्या आईला इंग्रजीचे सिलॅबल अवघड जायला नकोत. विन्-डो, नॅप्-किन, सिस्-टर. मधल्या जोडीतल्या पहिल्या व्यंजनाचा पाय मोडायचा आणि त्याला मागच्या तुकड्यात ठेवायचं. मुलीला वहीत पाय मोडूनच लिहू द्या.

हनुवटीची युक्ती चांगली आहे, मीही वापरते. पण ई आणि ऊ म्हणताना जबडा फारसा उघडत नाही, तिथे मूल फसतं. तेव्हा शब्द गाण्यासारखा ताणून म्हणायला लावा. जो स्वर ताणता येतो, तो एक सिलॅबल. इथे एक गोष्ट तिच्या मनावर बिंबवा: मोजायचा तो ऐकू येणारा स्वर, लिहिलेला नाही. 'केक' मध्ये ए आणि ई अशी दोन स्वराक्षरं आहेत, पण सिलॅबल एकच. शेवटचा ई बोलत नाही, तो फक्त आधीच्या ए चा उच्चार लांबवतो. आणि नागपुरात आपल्या कानावर हिंदी सतत असते, म्हणून पोरं 'इस्कूल', 'इस्टेशन', 'फिलम' म्हणतात. त्यात एक जादा सिलॅबल येतो आणि मग स्पेलिंगमध्येही जादा स्वर घुसतो. फिल्म हा एका तुकड्याचा शब्द आहे.

आता तोडायचं कुठे. मी वर्गात दाराची उपमा द्यायचे. सिलॅबल व्यंजनावर संपला तर दार बंद, स्वर आत कोंडला जातो आणि तोकडा होतो. सिलॅबल स्वरावर संपला तर दार उघडं, स्वर मोकळा होऊन आपलं पूर्ण नाव सांगतो, म्हणजे ए, ई, आय, ओ, यू.

डिनरमध्ये दोन एन आहेत. एक मागे, एक पुढे: डिन्-नर. दार बंद, म्हणून 'डि' तोकडा. त्यातला एक एन काढा, डाय-नर होतं, म्हणजे जेवायला बसलेला माणूस. 'सपर' आणि 'सुपर' चंही तसंच, सपरमध्ये दोन पी, सुपरमध्ये एक. हॉप म्हणजे उडी मारणे, त्याचं हॉपिंग करताना पी दोनदा लिहावा लागतो. नाही लिहिला तर ते होपिंग वाचलं जाईल, आशा करणं. इंग्रजीत दोनदा लिहिलेलं व्यंजन बहुतेक वेळा मागचं दार बंद ठेवायला आलेलं असतं. हे एकदा मुलीला दिसलं की 'डिनरमध्ये एन एक की दोन' हे पाठ करायची गरज उरत नाही. मी सिलॅबलच्या मागे एवढी लागते ती याच्यासाठी. उच्चार सुधारतो हे खरंच, पण स्पेलिंगमागचं कारण दिसतं हे त्याहून मोठं आहे.

मध्ये एकच व्यंजन असेल तर? टायगरमध्ये जी एकटा, कॅबिनमध्ये बी एकटा. आधी दार उघडं ठेवून बघायचं, टाय-गर. ओळखीचा शब्द निघाला, झालं काम. पेपर, म्युझिक, रोबॉट यांचं असंच. रिव्हरला तसं केलं तर 'राय-व्हर' होतं, तसा शब्द आपण ऐकलेला नाही. मग व्यंजन मागे ओढायचं: रिव्ह्-अर. लेमन, सेव्हन या गटातले. नुसत्या अक्षरांकडे बघून यातलं कोणतं ते कळत नाही, कानच लागतो. म्हणूनच कॅबिनला मुलगी हमखास अडकेल, कारण आपण मराठीत 'केबिन' म्हणतो. तिला शब्द आधी इंग्रजी उच्चारात ऐकवा, कॅब्-इन, आणि नंतर तोडायला सांगा. ऐकलेला नसलेला शब्द मुलाला तोडायला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

एस-एच, सी-एच, टी-एच, पी-एच या जोड्या मिळून एकच आवाज देतात, त्या सहसा तोडायच्या नाहीत. फादरमध्ये टी एका बाजूला आणि एच दुसऱ्या बाजूला असं कधी करू नका.

बॉटलसारख्या शब्दात शेवटून तीन अक्षरं मोजायची: व्यंजन, एल, ई. हा तुकडा एकत्र राहतो. मागे काय उरलं ते बघा. बॉटलमध्ये बी-ओ-टी उरतं, दार बंद, म्हणून टी दोनदा. टेबलमध्ये टी-ए उरतं, दार उघडं, म्हणून बी एकदाच. लिटल, ॲपल पहिल्या गटात, टायटल दुसऱ्या. मुलं शेवटी 'ई-एल' लिहितात ती सवय याने बरीचशी जाते.

एज्युकेशन: एड्-यु-के-शन. शेवटचं टी-आय-ओ-एन हे चार अक्षरांचं पण एकच सिलॅबल आहे, 'शन'. पूर्वीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत त्याचे दोन तुकडे पाडत. १७८३ मध्ये अमेरिकेत नोआ वेब्स्टरने आपलं स्पेलिंगचं पुस्तक काढलं, त्यात त्याने ते एकत्र ठेवलं आणि शब्द उच्चाराप्रमाणे तोडायचा आग्रह धरला. 'हॅबिट' पूर्वी ए च्या पुढे तोडत, त्याने बी च्या पुढे तोडला. स्टेशन, नेशन, ॲक्शन, फ्रॅक्शन असे शब्द एका पानावर लिहून काढा, दहा शब्दांचे शेवट एकदम पाठ होतात.

वेन्सडे आणि कम्फर्टेबलला दोन आवाज ठेवायचे, एक बोलायचा, एक लिहायचा. बोलताना वेन्झ्-डे. लिहिताना मनातल्या मनात वेड्-नेस्-डे. कम्फर्टेबल बोलताना बहुतेक जण तीन तुकड्यांत म्हणतात, पण लिहिताना कम्-फर्ट्-ए-बल म्हणायचं: आधी कम्फर्ट हा पूर्ण शब्द, मग त्याची शेपटी. मुलीला स्पष्ट सांगा की लिहायचा आवाज वहीपुरता आहे, वर्गात वाचताना तो वापरायचा नाही. नाहीतर पोरं 'वेडनेसडे' म्हणू लागतात.

आणखी एक करा. सुट्टीच्या दिवशी तिला मेट्रोने फिरवून आणा. ॲक्वा लाईनवर बर्डीहून प्रजापतीनगरकडे निघालं की कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, पुढे टेलिफोन एक्स्चेंज. लोकमान्यनगरच्या बाजूला गेलं तर झाशी राणी चौकानंतर इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स. ऑरेंज लाईनच्या टोकाला ऑटोमोटिव्ह स्क्वेअर. पाचवीच्या मुलाला एवढे चांगले शब्द कोणत्या वर्कबुकात मिळणार? कॉट्-टन, दोन टी का ते ती आता स्वतः सांगेल. इन्-स्टि-ट्यू-शन, शेवट ओळखीचा. टेलिफोनला मुलं एलच्या पुढे आय लिहितात, कारण मराठीत आपण वेलांटी देतो. तिला सांगा की 'टेली' म्हणजे दूरचं, टेलिव्हिजनमध्येही तोच तुकडा, आणि त्यात ई दोनदा. 'इंजिनिअर' मराठीत लांबलचक दिसतो, इंग्रजीत तीनच तुकडे. स्क्वेअर तर एकच. ऑटोमोटिव्हच्या शेवटी ई आहे तो आवाज लांबवायला आलेला नाही. इंग्रजी शब्द सहसा व्ही वर संपत नाही, म्हणून त्याला ई चा आधार देतात. हॅव, गिव्ह, लिव्ह यांच्यातही तेच.

वाचनप्रेमी, रामदासपेठ:

बाईंचं सगळं पटलं, पण मला वाटतं एवढे नियम पाचवीच्या मुलांवर लादू नयेत. गोष्टींची पुस्तकं वाचायला द्या. बर्डीवर जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात. नजरेखालून शब्द गेला की स्पेलिंग आपोआप बसतं.

इंग्रजीच्या बाई, महाल:

वाचन हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या घरात इंग्रजी बोललं जात नाही तिथे मूल लांब शब्दापाशी थांबतं आणि पुस्तक खाली ठेवतं. वाचन वाढावं म्हणून आधी शब्द फोडता यायला हवा. ज्यांच्या घरात इंग्रजी आहे त्यांच्या मुलांना हे न शिकवताही जमून जातं. बाकीच्यांना शिकवलं नाही तर ती मागेच राहतात, आणि ते मला मान्य नाही. शिवाय हे नियम पाठ करून घ्यायचेच नाहीत. रोज चार शब्द घ्या, म्हणून बघा, तोडा, लिहा. दार उघडं की बंद एवढाच प्रश्न विचारा.

बर्डीचा डीटीपीवाला:

डिक्शनरीचं कोडं मी सोडवतो, हा आमच्या धंद्यातला विषय आहे. शब्दाच्या मध्ये जे ठिपके दिसतात ते मुळात छपाईसाठी आहेत. ओळ संपत आली आणि शब्द मावत नसेल तर आडवी रेघ देऊन तो कुठे तोडावा, ते त्यात दाखवलेलं असतं. उच्चाराचे तुकडे वेगळे. ते शेजारी तिरप्या रेघांच्या मध्ये किंवा कंसात दिलेले असतात, ताईंनी ते बघावेत.

म्हणून 'आयडिया' तोडलेला नाही. बोलताना तीन तुकडे आहेत, पण पहिला तुकडा एकाच अक्षराचा. ओळीच्या शेवटी एकटा आय ठेवणं वाईट दिसतं, आणि दुसऱ्या टोकाला एकटा ए पुढच्या ओळीत नेणंही. 'अबाउट' चंही तेच. 'नॉलेज' मध्ये भांडण ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतीचं आहे. ब्रिटिश लोक शब्द कशापासून बनला ते बघतात, म्हणून 'नो' अख्खा ठेवून डब्ल्यूच्या पुढे तोडतात. अमेरिकन उच्चाराकडे बघतात, म्हणून एल मागे जातो. दोन्ही डिक्शनऱ्या आपापल्या जागी बरोबर.

संगणकावर हे काम कसं चालतं तेही सांगतो. फ्रँक लिआंग यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्डला डोनाल्ड कनुथ यांच्या हाताखाली याच विषयावर प्रबंध केला. अक्षरांचे छोटे नमुने साठवायचे आणि त्यावरून शब्द कुठे तोडता येईल ते ठरवायचं, अशी त्यांची पद्धत. कनुथ यांच्या टेक या छपाईची पानं जुळवणाऱ्या संगणक प्रणालीत ती वापरली जाते, लिबर ऑफिसमध्येही त्याच जातीचे नमुने आहेत. टेकमध्ये इंग्रजीसाठी शब्दाच्या सुरुवातीला किमान दोन आणि शेवटी किमान तीन अक्षरं एकत्र ठेवतात. पण यंत्राला अर्थ कळत नाही. 'रेकॉर्ड' नाम असेल तर सीच्या पुढे तुटतो, क्रियापद असेल तर ई च्या पुढे. 'प्रोजेक्ट' आणि 'प्रेझेंट' यांचंही तसंच. अक्षरं सारखी, म्हणून यंत्र दोघांना एकच न्याय लावतं. इंग्रजी पुस्तकाचं प्रूफ वाचताना असे शब्द मी मुद्दाम बघतो.

मानेवाड्याची आई:

बाई, तुमचे मनापासून आभार. डीटीपीवाले दादांचेही. नावं फोडण्यापासून सुरुवात केली. आजीचं, शेजारच्या काकूंचं, कुत्र्याचं, सगळ्यांचं फोडून झालं. 'नागपूर' दोनच तुकड्यांचं आहे हे तिला खरंच वाटत नव्हतं, तीनतीनदा म्हणून बघितलं. मेट्रोत तर टेलिफोन एक्स्चेंजची पाटी येण्याआधीच तिने स्पेलिंग सांगितलं आणि एक्सच्या पुढे तोडलं, सी-एच तोडलं नाही.

आता तिचाच एक प्रश्न आहे, मला उत्तर देता आलं नाही. 'बिगिनिंग' मध्ये एन दोनदा आणि 'ओपनिंग' मध्ये एकदाच. मूळ शब्द दोन्ही एन वरच संपतात. दार बंद ठेवायला एन दोनदा लागतो, तर ओपनिंगला का नाही?

इंग्रजीच्या बाई, महाल:

मुलीला माझी शाबासकी सांगा. हा प्रश्न आठवी-नववीतही फार कमी मुलं विचारतात.

याचं उत्तर आघातात आहे. इंग्रजी शब्दातल्या एका सिलॅबलवर जोर येतो, बाकीचे दबून जातात. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनाने म्हणतो, म्हणून हे आपल्या लक्षात राहत नाही. 'बिगिन' म्हणताना जोर शेवटच्या 'गिन' वर. 'ओपन' म्हणताना जोर पहिल्या 'ओ' वर, 'पन' अगदी हलका. आयएनजी किंवा ईडी लावताना शेवटच्या सिलॅबलवर जोर असेल, त्यात एकच स्वर असेल आणि त्यापुढे एकच व्यंजन असेल, तर ते व्यंजन दोनदा लिहायचं. जोर नसेल तर एकदाच. रेफरमध्ये जोर शेवटी, म्हणून रेफर्डला आर दोन. ऑफरमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, म्हणून ऑफर्डला शेवटी आर एक. व्हिझिट, व्हिझिटिंग, टी एक.

तिला जोर ऐकू यावा म्हणून तीन शब्द ओळीने म्हणून दाखवा: फोटोग्राफ, फोटोग्राफर, फोटोग्राफिक. पहिल्यात जोर 'फो' वर, दुसऱ्यात 'टॉ' वर, तिसऱ्यात 'ग्रॅ' वर. जोर सरकला की आजूबाजूचे स्वर पुसट होतात. आपण नेमके तेच पुसट स्वर लिहिताना चुकतो, म्हणून अशा वेळी त्याच घरातला दुसरा शब्द आठवायचा, ज्यात तो स्वर स्पष्ट ऐकू येतो. फोटोग्राफरमधला पहिला ओ ऐकू येत नसेल तर फोटोग्राफ म्हणून बघायचं. डीटीपीवाल्या दादांनी सांगितलेल्या रेकॉर्डचंही मूळ इथेच आहे. नामात जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापदात दुसऱ्यावर, म्हणून तोडायची जागा बदलते.

एक अपवाद आताच सांगून ठेवते, नाहीतर ती मला पुढच्या आठवड्यात पकडेल. 'ट्रॅव्हल' मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर आहे, तरी ब्रिटिश पद्धतीत ट्रॅव्हलिंगला एल दोनदा लिहितात. अमेरिकन पद्धतीत एकदाच, आणि मोबाईल बहुधा तेच दाखवेल. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश पद्धत चालते, तिला दोन एल लिहू द्या.